नांगिलाचं ताट

आमच्या किमिलिली गावच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या रश्श्यात मीठ कमी-जास्त झालं, हे नांगिला पहिल्या घासाला सांगायची, आणि तेही भर पंगतीत. लग्न असो की दुखवटा, तिची जीभ काही गप्प बसायची नाही. एकदा बिशप माझ्या घरी जेवायला बसलेले असताना म्हणाली, "रासोआ, मिठाचं पोतंच उलटं केलंस का गं पातेल्यात?" मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. घर शेजारी, कुंपण एकच, त्यामुळे पाचव्या दिवशी बोलावंच लागलं.

तिचे यजमान खाएम्बा मंडळीचे उपदेशक. सायकलवरून घरोघर प्रार्थनेला जायचे. उपदेशक दारी आले की कोंबडी कापायची, आणि तिचा पेटा, पोटातला तो मानाचा तुकडा, त्यांच्याच ताटात जायचा. बाया तो खात नाहीत. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, अशी रचायची की पलीकडे बसलेला माणूस दिसू नये. कमी वाढलं तर घर कद्रू ठरतं, आणि पाहुणा नको म्हणाला तर त्या घरात काहीतरी खोट आहे असं गाव समजतं. खाएम्बा दिवसाला चार घरं करायचे, चारही घरी ताट चाटूनपुसून, वर चार चमचे साखरेचा चहा. नांगिला कावायची. ते हसून म्हणायचे, "अगं, प्रार्थना करून खाल्लेलं बाधत नसतं." आम्हा सगळ्यांना ते पटायचं. मी तर ते नको नको म्हणत असतानाही त्यांना दुसऱ्यांदा वाढायचे.

साखरेच्या आजाराने आधी त्यांची नजर नेली, मग पाय नेला, मग ते गेले.

नांगिला रडली नाही. पुरताना नाही आणि नंतरही नाही. बायांनी पुढ्यात आणून ठेवलं ते ती खात राहिली. ताट आलं की हात चालायचा, ताट संपलं की थांबायचा. एकदा मी मुद्दाम तिच्याकडे अळणी भाजी पाठवली. म्हटलं, आता तरी शिव्या घालत येईल. भांडं रिकामं, घासूनपुसून परत आलं. त्या दिवशी मला तिची भीती वाटली. वर्षभर हे असंच चाललं. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसायची, ओठ हलायचे, पण गाणं काही ऐकू यायचं नाही.

मग एका सकाळी कुंपणापलीकडून काहीतरी करपल्याचा वास आला. जाऊन बघते तर ही चुलीपुढे उभी, उगाली घोटतेय, आणि टाच निखाऱ्यावर.

"अगं बाई, पाय! पाय काढ!"

तिने सावकाश खाली पाहिलं. पाय कुणा दुसरीचा असावा तसं. "लागलं नाही," म्हणाली.

दवाखान्यात नर्सने टाच बांधली, रक्त तपासलं आणि तोंड वाकडं केलं. "मावशी, तुम्हालाही साखर आहे, चांगलीच चढलीय. असंच खात राहिलात तर हा पाय ठेवता यायचा नाही. मूठभर उगाली, त्याच्या दुप्पट पालेभाजी आणि चहा बिनसाखरेचा. ऐकताय ना?"

"बरं," नांगिला म्हणाली.

घरी येताना मी वाटेत तिला चांगली फैलावर घेतली. ती लंगडत चालत होती, तेही नर्सने सांगितलं म्हणून. म्हणाली, "कापू देत, रासोआ. मला कळणार थोडंच आहे."

पुढच्या गुरुवारी महिलासंघाची प्रार्थना माझ्या घरी होती. नर्सचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते. तरी वाढायला बसले आणि हात ऐकेना. बारा बाया बघणार, आणि उपदेशकांच्या विधवेच्या ताटात मूठभर उगाली? लोक काय म्हणतील! मी नेहमीसारखा डोंगर रचला. वर उपदेशकांचा मान म्हणून कोंबडीचा पेटाही ठेवला, आणि प्रार्थनाही तिलाच करायला सांगितली.

ती उभी राहिली. डोळे मिटले नाहीत, पेट्याकडेच बघत होती. इतका वेळ गेला की बाया खाकरायला लागल्या.

"देवा," ती म्हणाली, "तू आजच्यापुरती भाकर मागायला शिकवलंस. आम्ही उद्याचीही आजच वाढतो. त्यांना सगळ्यांनी मायेनं वाढलं, त्यांनीही मायेनं खाल्लं. तू आशीर्वाद देत होतास, पण शरीरही तूच दिलं होतंस, ते आम्ही कुणी बघितलं नाही. आमेन."

खाली बसली, मूठभर उगाली आणि थोडी भाजी बाजूला काढून घेतली, आणि बाकीचं ताट पेट्यासकट माझ्याकडे सरकवलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या घरात, माझ्याच ताटाला नाही! "उपदेशकांनी माझ्या घरचं ताट कधी परत केलं नव्हतं हं," मी म्हणाले.

"नाही केलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "एकदाही नाही केलं."

डाव माझ्या हातातच राहिला. दुसऱ्यांदा वाढायला मी ज्या डावाने त्यांच्यावर वाकायचे, तोच तो. त्यांचा नको म्हणणारा हात बाजूला सारून मी किती वेळा वाढलं असेल, ते मला आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नांगिलाने पहिला घास तोंडात घातला. रोजच्यासारखा गिळला नाही, चावत राहिली. मग तिचा हात थांबला आणि कपाळाला आठी पडली. वर्षभरात त्या चेहऱ्यावर मी पाहिलेली पहिली आठी.

"रासोआ," ती म्हणाली, "भाजीत मीठ फार झालंय."

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. आता जुंपणार, असं त्यांना वाटलं असावं. मी डोक्याचा रुमाल ओढून तोंडाला लावला आणि त्या बारा जणींदेखत हमसून हमसून रडायला लागले.

"रडतेस काय?" नांगिला म्हणाली. "पाणी घाल थोडं."