जिभेला चिकटलेलं हाड

पुरातत्त्व खात्यात तिला सगळे हाडमावशी म्हणत. उंच डोंगरांतल्या कपारींतून पोत्यांनी येणारी हाडं निवडणं हे तिचं काम. हजारो वर्षांपूर्वी माणसं त्या कपारींत राहायची, रानबकऱ्या मारून भाजून खायची. एवढ्या थंडीत कसा तग धरला असेल देव जाणे. त्यांचं उष्टं आता मागच्या खोलीत मावशीच्या टेबलावर येऊन पडे. दगड की हाड हे कळेना, की मावशी तो तुकडा सरळ जिभेला लावी. जुनं हाड असेल तर चिकटतं, दगड चिकटत नाही. नव्या साहेबांना ते बघून शिसारी येई. येऊ दे बापडी.

तर या खेपेला तिने मातीत लडबडलेला एक तुकडा असाच जिभेला लावला. चिकटला. घासून खिडकीपाशी नेला, तर जबडा माणसाचा! एक दाढही जागच्या जागी. मावशीला आनंदाने काही सुचेना, कारण ती कपार तिच्या भाचीची होती. आईमागे मावशीनेच वाढवलेली ही पोर दर उन्हाळा वर जाऊन खणायची, पण माणसाचं एक हाड म्हणून हाती लागत नव्हतं. आता या एका तुकड्यावर तिचा सगळा प्रबंध उभा राहणार होता.

जबडा तपासणीला गेला आणि प्रयोगशाळेतून निरोप आला. नमुन्यात आजच्या माणसाचा अंश मिसळलाय. ज्यांनी ज्यांनी हाड हाताळलं, त्यांची थुंकी ताडून बघायला पाठवा.

मावशीला वाटलं, तो अंश आपल्याच थुंकीचा. जेवण जाईना. घरात पोरीशी नजर मिळवायची हिंमत होईना. पोरीचं वाटोळं केलं आपण, तेही या मेल्या जिभेने, एवढंच डोक्यात. भाची नळ्या घेऊन मागच्या खोलीत आली, तेव्हा मावशीच्या तोंडाला इतकी कोरड पडली होती की नळीत थेंब पडेना.

"पाणी पी आधी," भाची म्हणाली.

"पाण्याने काय होतंय? अगं, मी तो जबडा जिभेला लावला होता."

भाची दाराला टेकली. तिचा चेहराही पार उतरला होता.

"मीपण. वर कपारीतच. बकरीचा समजून पोत्यात टाकला. तू ओरडशील म्हणून बोलले नाही."

"असले उद्योग करायला तुला सांगितलं कुणी?" मावशी सवयीने खेकसली.

भाचीने नुसतं मावशीकडेच बोट केलं. मग मावशीच्या लक्षात आलं, आणि तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

नळ्या दोघींच्याही गेल्या. आता दाढेच्या आत, जिथे थुंकी पोचत नाही, तिथलं काही शाबूत निघालं तर ठीक. नाहीतर पोरीची सगळी मेहनत पाण्यात, आणि तेही मावशीनेच शिकवलेल्या युक्तीने.