कंडक्टरचं मनगट

ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण मी दुसऱ्या वर्षात सोडलं, दीड वर्ष तुयेच्या कारखान्यात खोकी भरली आणि मग गुपचूप परत आले. परतल्यावर इस्पितळात मला पहिला पेशंट मिळाला तो पेडण्याच्या बसचा कंडक्टर. मोडलेल्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. मूठ मिटत नव्हती आणि बसमालकाने महिन्याचीच मुदत दिली होती.

मी त्याला फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवायला दिल्या. तो एक खुंटी बसवायचा, कानामागचं पेन काढून परत तिथेच ठेवायचा आणि दारात उभ्या असलेल्या पेशंटना पुढे सरकायला सांगायचा.

"शाळा कित्याक गे सोडलंस?" इस्पितळात कुणाकडून तरी कळल्यावर त्याने एकदा विचारलं.

"मन लागत नव्हतं."

"आणि माझां मन काय गे बाय, पेडणें-म्हापसा फेऱ्यांत लागता?"

मी खाली बघून खुंट्या गोळा करू लागले.

महिनाअखेरीस त्याने त्याच हाताने माझी खुर्ची उचलून दाखवली. खुंट्यांचा गुण आला म्हणून मी खूश झाले.

"खुंट्यो कसल्यो? हय येताना रोज आमच्याच बशीत दांडी धरून उभो रवतंय," तो म्हणाला आणि कामावर गेला.

माणसाला त्याच्या कामातूनच बरं करायचं, हे आमच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. ते पान मी दोनदा शिकले. फाइलमध्ये मात्र 'खुंट्यांच्या सरावाने सुधारणा' असं लिहिलं, आणि आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी त्यावर 'उत्तम' असा शेरा दिला.