खुणेचं अंडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडतानाही चुकवतच आले – देवाचं काय, तो विचारत नाही, आपण बोललो नाही की झालं. मग तुम्हांला का सांगते आहे? तुम्ही परके म्हणून असेल. की आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही म्हणून?

झालं इतकंच – माझ्या सुनेनं सकाळी तीन कोंबड्या आणल्या, बांबूच्या डालग्याखाली कोंडल्या आणि विचारलं, "आत्याबाई, या कधी सोडायच्या?" साधा प्रश्न. मी म्हटलं, सात दिवस सोडू नको, आणि आत पेंढ्यावर खुणेला एक अंडं ठेव. एवढं बोलले आणि मला घरात बसवेना. तांदूळ निवडायला घेतले, सूप तसंच टाकून उठले. गोठ्यात गेले, कशाला गेले तेच विसरले. चारदा तरी डालगं उचलून पाहिलं. शेवटी सून म्हणाली, "तुमीच बसा आत, त्या येतील बाहेर." आगाऊ आहे. पण बोलली ते काही खोटं नाही.

सात दिवस आणि खुणेचं अंडं – हे मला शिकवलं बुधीनं. बुधी वरच्या ठाकूरवाडीतली, माथेरानच्या पायथ्याची. डोक्यावर मोळी, हातात मधाचं गाडगं, असं काहीबाही घेऊन ती आमच्या गावात यायची. दारं तिला उघडी असायची, पोरं तिच्या मागं मागं फिरायची. तेव्हा भिवपुरीला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथल्या साहेबाच्या बटलरला अंडी हवी असत, रोज मिळाली तर रोज. म्हणून माझ्या सासूनं – आत्याबाईंनी – एक धडकं हिरवं लुगडं देऊन बुधीकडून तीन तलंगा घेतल्या. तलंगा म्हणजे अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबड्या.

बुधीनं मला ओट्यावर बसवून सगळं समजावलं. "भेदरल्यात गं त्या, नवं घर हाय. सात दिस डालग्याखाली ऱ्हाऊ दे. पेंढा घाल, कण्या घाल, पानी ठेव. आन् हे एक अंडं मी देते ते काडू नको. ते बघून त्यास्नी कळतं, घालायची जागा ही." मग माझ्या पोटाकडे पाहून खदाखदा हसली. "तूबी खुडुक बसलीस की गं!" खुडुक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी; मला पाचवा महिना होता. मीही हसले. फार दिवसांनी हसले असेन.

आता भुकेचं. सांगू की नको? सांगितलं की तुम्ही म्हणाल, अरेरे, बिचारी. ते मला नको आहे. पण ते वगळून पुढचं कळायचं नाही. आत्याबाई दुष्ट नव्हत्या हो. त्यांची समजूत होती, तेव्हा सगळ्यांचीच होती, की पोटुशी बाईनं पोटभर खाल्लं की मूल मोठं होतं आणि बाळंतपणात अडतं. त्यांची थोरली लेक तशीच अडून गेलेली. म्हणून मला अर्धी भाकरी. वाढताना त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं, पण उरलेली अर्धी शिंक्यावर जायची.

तिसऱ्या दिवशी कण्या टाकायला मी डालगं उचललं. पेंढ्यावर ते अंडं. मी ते घेतलं, गोठ्याच्या भिंतीवर टिचवलं आणि तोंडात ओतलं. कच्चं. उभ्या उभ्या. मग आत जाऊन सांगितलं, मुंगसानं नेलं. आत्याबाईंनी मुंगसाला शिव्या घातल्या. दुसरं अंडं घरात नव्हतंच, त्यामुळे खूण राहिली नाही.

सात दिवसांनी कोंबड्या सोडल्या. संध्याकाळी घरी यायच्या, पण अंडं काही दिसेना. मला मात्र जागा शोधायला एकच दिवस लागला. ठिपकेवाली मान खाली घालून परसाकडे निघाली, तशी मी तिच्या मागोमाग गेले. करवंदीच्या जाळीत तिघींनी मिळून जागा केली होती. तिथे तीन अंडी होती.

दोन खाल्ली. एक ठेवलं. कळलं का तुम्हांला, एक का ठेवलं ते? खुणेचं अंडं काढायचं नाही! ते राहिलं तर त्या पुन्हा तिथेच घालतील. बुधीनं दिलेली विद्या मी अशी वापरली. रोज जायची, रोज एक मागे ठेवायची, टरफलं उकिरड्यात पुरायची. वीस-पंचवीस दिवस. मग म्हणू नका, भुकेच्या भरात झालं. भुकेच्या भरात माणूस एवढा हिशेबी असतो?

घरात आत्याबाई रोज सकाळी पेंढा चाचपायच्या आणि हात हलवत यायच्या. बटलरनं दुसरं घर पाहिलं. आणि एक दिवस शेजारीण ओट्यावर टेकली नि म्हणाली, "ठाकरणीनं कूस बांधून दिली असंल कोंबड्यांची." आत्याबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. "आज कोंबडीची बांधली," त्या म्हणाल्या, "उद्या माज्या सुनेची बांदंल."

मी तिथेच राखेनं तवा घासत होते. एक वाक्य पुरे होतं. काय झालं असतं? चार शिव्या, फार तर दोन धपाटे. कदाचित शिंक्यावरची अर्धी भाकरीही मिळाली असती! मी तवा घासत राहिले. चकचकीत झाला तरी घासत राहिले.

बुधीला बोलावणं गेलं. ती आली, तेच हिरवं लुगडं नेसून. अंगणात दहा-बारा माणसं. तिनं ठिपकेवालीला उलटी धरली, मागच्या हाडांत बोटं लावली. तीन बोटं बसली. अंडं घालणारीच्या हाडांत तीन बोटं मावतात, न घालणारीच्या एक – हेही मला तिनंच सांगितलेलं. तिनं तिन्ही कोंबड्या पाहिल्या. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे, मग पदराकडे. पदरावर पिवळा डाग वाळून कडक झाला होता. मला त्याचा पत्ताच नव्हता.

आता बोलेल, आता बोलेल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "व्हय बाय, माज्याच कोंबड्या खोट्या निघाल्या. नेते मी." उठली, जाता जाता माझ्याजवळ आली आणि माझा पदर सारखा केला. डाग आतल्या घडीत गेला. "सुनंला हात लावू नको!" आत्याबाई किंचाळल्या, आणि अंगणातली माणसं मागे सरली.

दुसऱ्या दिवशी लुगडं परत आलं. धुऊन, घडी घालून तिनं ओट्याच्या कडेला ठेवलं. स्वतः अंगणाबाहेर उभी, अंगावर ठिगळांचं फडकं. कुणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर गावात तिची मोळी कुणी घेतली नाही, मध घेतला नाही. तिच्या मागं फिरणाऱ्या पोरांनी तिला दगड मारले. मला वेळेवर मुलगा झाला, सुखरूप. तर गाव म्हणालं, बघा, वेळीच हाकलली म्हणून.

इथे थांबले तर तुम्ही मला माफ कराल. कोवळं वय, रिकामं पोट, सासुरवास. म्हणूनच इथे थांबत नाही.

तीन वर्षांनी मी कर्जतच्या बाजाराला गेले होते. कडेवर पोरगा, बरोबर गावच्या बायका. अगदी टोकाला, सगळ्यांपासून लांब, बुधी बसली होती. पळसाच्या पानांवर करवंदं मांडलेली. गालफडं बसलेली. मी मान फिरवली, पण तिनं पोराला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला हो. "तुजाच ना गं ह्यो? कसा ग्वाड हाय!" आणि तिनं हात पुढे केला, त्याच्या गालाला लावायला.

बायका बघत होत्या. मी पोराला झटक्यानं मागे घेतलं. म्हटलं, "कोण गं तू? माज्या पोराला नजर लावतीस?"

तिचा हात तसाच राहिला. मग तिनं तो खाली घेतला आणि करवंदं नीट लावायला लागली. नीटच होती ती.

तेवढ्यावरही भागलं नाही माझं. घरी आल्यावर आत्याबाईंकडे मीठमोहऱ्या मागितल्या. त्या म्हणाल्या, असू दे गं, जुनं झालं आता ते. मी ऐकलं नाही. बायका जमलेल्या होत्या ना! सगळ्यांच्या देखत पोरावरून मीठमोहऱ्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. तडतडल्या. "बया बया, केवढी नजर!" कुणीतरी म्हणालं. मी मान हलवली. विस्तवात मोहरी तडतडणारच, दुसरं काय करणार? सगळ्या गावात मी एकटीच होते जिला माहीत होतं, त्या बाईनं काही केलेलं नाही.

बुधी पुन्हा बाजारात दिसली नाही. वाडीवर जाऊन चौकशी करायला अर्धा दिवस पुरला असता. मी गेले नाही.

आणि त्या बाजाराच्या दिवशी मला भूक नव्हती. सकाळी दोन भाकऱ्या खाऊन निघाले होते.