‘चालेल का?’ची छाननी

आजवर पाहिलेल्या मुलींपैकी माझ्या धाकट्या भावाला मनापासून आवडलेली ही पहिलीच. त्यानं तसं सांगितलं नाही, पण पाहण्याच्या कार्यक्रमानंतर भोसरीला कामावर जातानाही तो शर्टाला इस्त्री करायला लागला, तेव्हा आम्ही ओळखलं. शुक्रवारी तिचा त्याला मेसेज आला: "परवा घरच्यांसमोर नीट बोलता आलं नाही. रविवारी दुपारी दोघंच बाहेर भेटलो तर चालेल का?"

दुसऱ्या एखाद्या घरात मुलानं ‘हो’ लिहून मोबाइल खिशात टाकला असता. आमचं घर पडलं शिकलेलं. भाऊ डिझाइन इंजिनिअर. त्याच्याकडे साध्या स्क्रूचं ड्रॉइंगही वरिष्ठांनी तपासून सही केल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यानं सवयीनं उत्तराचा मसुदा केला आणि घरच्या ग्रुपवर तपासायला टाकला. तिथंच घात झाला.

वडील इतिहासाचे निवृत्त मास्तर, लातूरकडचे. मजकूर नंतर वाचायचा, आधी तो कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिला ते पाहायचं, ही त्यांची जन्माची शिस्त. मेसेज मुलीच्या आईनं लिहून घेतला असावा, असा त्यांना दाट संशय आला. एकाच पुराव्यावर विसंबू नये म्हणून ते मध्यस्थाच्या फोनची वाट बघत बसले. माझी बायको वकील. तिच्या मते ‘बाहेर’ म्हणजे कुठं हे मोघम होतं, आणि एकदा ‘चालेल’ म्हटलं की पुढचं सगळंच मान्य असा अर्थ निघू शकत होता. भावाच्या "हो, नक्की भेटू"चं तिनं करून दिलं, "पुढील निर्णयास बाधा न येता भेटण्यास हरकत नाही." ते वाचून भावाचा चेहरा घरी नोटीस आल्यासारखा झाला.

मी चाकणला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की ओळीनं पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. मी कागद घेऊन बसलो. बाहेर का भेटायचंय? घरात बोलता आलं नाही. का? वडील निजामाच्या सारापद्धतीवर बोलत होते. का? विषय निघाला होता. का? मी काढला होता. पाचवा ‘का’ हटकून आपल्याच गळ्यात पडतो, हा माझा कंपनीतला अनुभव. त्यामुळे मी चौथ्यावरच थांबलो आणि ‘हॉल लहान’ असं कारण लिहून टाकलं.

रविवारची जेवणं झाली तरी उत्तर गेलेलं नव्हतं. ‘नक्की’ या शब्दात उतावीळपणा दिसतो का, यावर वाद रंगला होता. चार वाजता भाऊ बारीक आवाजात म्हणाला की दुपार संपत आली. बायको म्हणाली, दुपार कितीपर्यंत धरायची हे मेसेजमध्ये कुठंच दिलेलं नाही.

संध्याकाळी तिचा दुसरा मेसेज आला. "ठीक आहे. कळलं."

वडिलांनी चष्मा पुसला आणि नेमकं काय कळलं असावं, याच्या तीन शक्यता मांडल्या. भाऊ उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. ते मला दिसत होतं. तरीही मी तिसरी शक्यता पूर्ण ऐकून घेतली, हे कबूल करायला हवं.

सोमवारी तो हाफ डे टाकून तळवड्याला तिच्या कंपनीच्या गेटवर जाऊन थांबला. ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिनंही आपल्या परीनं अर्थ लावलाच होता. साध्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर येत नाही, म्हणजे पलीकडे सगळं बंद आहे, असं तिच्या कामात धरतात.

मग तिनं त्याला विचारलं, "तुम्हाला यायचं होतं का?"

"होतं."

"मग तेवढंच लिहायचं ना."

रात्री जेवताना भावानं हे आम्हाला सांगितलं. आम्ही घास हातात धरून ऐकत होतो. हे ती हसून म्हणाली की रागानं, असं वडिलांनी विचारलं. बायकोला तिचे नेमके शब्द हवे होते. भाऊ ताट उचलून उभा राहिला.

"पुन्हा भेटायचं ठरलंय," तो म्हणाला. "कधी आणि कुठं, ते तुम्हाला कुणालाही सांगणार नाही."