निगुडकर मास्तर हरले तो दिवस

निगुडकर मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पुष्कळ जण त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहितील. मला त्यांच्या वैतागाविषयी लिहायचे आहे, कारण माझे शिक्षण त्यातच झाले.

आष्ट्याच्या शाळेत त्यांच्या पहिल्याच तासाला मी विचारले, "'नाइफ'मधला 'के' म्हणायचा नाही, तर लिहायचा कशाला?" मास्तरांनी खडू टेबलावर आपटला. "मला ठाऊक नाही! 'कर्नल'मध्ये 'आर' ऐकू येतो तो लिहीत का नाहीत, तेही ठाऊक नाही. इतकी वर्षे शिकवतो आहे, रोज लाज वाटते. घोका!"

दर शनिवारी ते फळ्यावर शब्दकोडे घालीत. एकेक अक्षर बदलत 'कॅट'चे 'डॉग' करायचे, आणि प्रत्येक पायरीला खरा शब्द हवा. दोन दिवस डोके फोडून मी उत्तर नेले. मास्तरांनी ते पाहिले आणि "पूर्णविराम कुठे आहे?" एवढेच विचारून वही परत केली. असा संताप येई!

मी मॅट्रिक झाले. आमच्या घरात तोवर कोणी चौथीपुढे गेले नव्हते. सांगलीच्या कॉलेजाचे नाव काढताच आप्पा, माझे वडील, म्हणाले, "लय झालं शिक्षान." हे कळताच मास्तर सायकल मारीत आमच्या मळ्यात आले. विहिरीवर मोट चालू होती.

आप्पांनी त्यांना घोंगडीवर बसवले. "आवं मास्तर, तुमी पोरांस्नी कोडी घालताय म्हनं. माझं एक हुमाण सोडवा, मग पोरीचं बोला. जाताना उपाशी, येताना पोटभर. दारात आलं की सगळं वकून मोकळं. सांगा, काय ते?"

मास्तर आभाळाकडे पाहू लागले. समोर मोट भरून वर येत होती, काठावरच्या दगडी कुंडात, थारोळ्यात, रिकामी होत होती. मी डोळ्यांनी खुणा करून थकले. माझे सारे पुढले आयुष्य त्या मोटेला लटकले होते आणि मास्तर चष्मा पुसत होते!

अखेर ते म्हणाले, "आप्पा, मी हरलो. मला येत नाही."

आप्पांनी मोटेकडे बोट दाखवले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, डोळ्यांसमोर होती की!"

आप्पा पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "आजवर शिकल्यालं मानूस 'मला येत न्हाई' म्हनताना मी बघितलं न्हवतं. तुमच्या सबुदावर धाडतो पोरगीला."

सांगलीला गेल्यावर, इथे करमत नाही, परत येते, असे मी मास्तरांना इंग्रजीत लिहिले. ते पत्र लाल शाईने रंगून परत आले. खाली मराठीत एक ओळ होती: "जेवण नीट मिळते ना? चुका सुधारून पुन्हा लिहा." रागाने मी रडायचेच विसरले, आणि राहिले. यंदा पदवीधर झाले.

मास्तरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. अजून पुष्कळ मुलींच्या वडिलांपुढे त्यांना हरायचे आहे.