अंगी लागलेला राजमा

समोर कोणीही येवो, मॅडम आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढून बघायच्या. "पांढरं दिसून राह्यलं. सकाळी काय खाल्लं?" शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेबांनी गडबडून पोहे खाल्ल्याचं कबूल केलं. "पोह्यानं पोट भरलं असन साहेब. पन अंगी काय लागलं?" साहेब हसले, पण जाताना माझ्याकडून शेंगदाणे मागून घेऊन गेले.

दारव्ह्याहून आर्णीकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि मॅडम खेळाच्या शिक्षिका होत्या. पलीकडच्या तालुक्यातल्या एका तांड्यावर त्यांचं माहेर. उंच, काटक, गळ्यात कायम शिट्टी. मुलींचा कबड्डीचा संघ त्यांनी शून्यातून उभा केला होता.

संघ चांगला होता, पण मध्यंतरापर्यंतच. तुम्हीही असे संघ पाहिले असतील. सुरुवातीला वाघिणी, आणि मध्यंतरानंतर मुलींचे पायच उचलत नाहीत. दारव्ह्याच्या सामन्यात आमची सगळ्यात चपळ खेळाडू सुवर्णा चढाई करून परतली आणि रेषेजवळच कोसळली. दवाखान्यात कळलं, अंगात रक्त कमी आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि खाण्याकडे लक्ष द्या म्हणून बजावलं.

परतताना जीपमध्ये मॅडमनी एकेकीला काय खाता ते विचारलं. सकाळी चहा-टोस्ट. संध्याकाळी बाप, भाऊ जेवले की उरलेलं पातळ वरण आणि भाकर. सुवर्णा म्हणाली, "याडी बी आमच्यासंगच जेवते, मॅडम. तिले तं त्याहून कमी उरते." याडी म्हणजे तिची आई.

आदल्या हिवाळ्यात मॅडमच्या भावाने हरभऱ्याऐवजी राजमा पेरला होता. पीक आलं, पण तांड्यावर तो कोणी खाईना. "काखेत कळसा अन् गावाले वळसा," म्हणत मॅडमनी एक पोतं थेट शाळेत आणलं. मला म्हणाल्या, "सर, डाळीवानीच ताकद हाये ना याच्यात?" मी म्हटलं, आहे. प्रथिनं आहेत, लोह आहे, नवं रक्त तयार व्हायला लागणारं फोलेट आहे. भरपूर चोथा असल्यामुळे भूकही लवकर लागत नाही. भाकरीबरोबर खाल्ला तर दोघांची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. मॅडमचा चेहरा असा खुलला, जणू सामना जिंकलाच.

आणि पहिल्याच दिवशी घात झाला.

मी तेव्हा प्रशिक्षणाला यवतमाळला गेलो होतो. सरावाच्या घाईत मॅडमनी राजमा थोडाच वेळ भिजवला आणि मोठ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवला. दाणे वरून मऊ दिसत होते, आत कच्चे. दुपारपर्यंत निम्म्या मुली ओकत होत्या. संध्याकाळी त्या सावरल्या, पण तोवर शाळेच्या फाटकात गर्दी झाली होती. सगळ्यात पुढे सुवर्णाचा बाप. "आमच्या पोरी मारून राह्यल्या का तुम्ही? काहून चारलं ते लाल बी?"

मॅडम पुढे झाल्या. "चुकी माही हाये. राजम्याची नाई. म्या तो कच्चा चारला."

मुख्याध्यापकांनी शाळेत राजमा बंद केला. सुवर्णाच्या बापाने मुलीला संघातूनच काढलं.

दुसऱ्या दिवशी मी परतल्यावर मॅडम माझ्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही. "सर, नेमकं काय झालं ते सांगा." मी सांगितलं. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा एक विषारी घटक असतो. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळायचा आणि मग पूर्ण शिजवायचा. मंद आचेवर तो घटक नष्ट होत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठल्या. "शाळेत बंद झाला. घरात तं नाई ना झाला?"

पुढच्या सकाळी त्या स्कूटीवरून थेट सुवर्णाच्या घरी गेल्या. बाप ओसरीत बसला होता, त्याने तोंड फिरवलं. मॅडम आत चुलीपाशी गेल्या. रात्री भिजवून ठेवलेला राजमा सोबत होता. उकळला, मग कुकरला लावला. कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, काळा मसाला. एक दाणा काढून सुवर्णाच्या आईच्या हातात दिला. "बोटानं दाबा. लोण्यावानी झाला तं खायचा, नाई तं परत चुलीवर." मग ज्वारीची भाकर घेतली, वरून लिंबू पिळलं. त्यानं लोह अंगात चांगलं मुरतं, आणि जेवल्याबरोबर चहा घेतला तर ते वाया जातं, हेही सांगितलं. पहिला घास त्यांनी स्वतः खाल्ला आणि दिवसभर त्याच घरात बसून राहिल्या. काही झालंच तर सगळ्यांसमोर व्हावं म्हणून.

काही झालं नाही. संध्याकाळी बापाने ताट ओढलं. दोन घास खाल्ले. "मटनावानी लागते ना हे!"

"लागू द्या," मॅडम म्हणाल्या, "पन पयले पोरीच्या ताटात. अन् तिच्या आईच्या."

मग हिवाळाभर मॅडम घरोघर फिरल्या. गोळ्या चालूच होत्या, सरावही. पुन्हा तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सुवर्णाला खेळायची परवानगी दिली आणि बापाने स्वतः तिला मैदानावर आणून सोडलं.

जिल्ह्याचा अंतिम सामना यवतमाळला झाला. मध्यंतरानंतर समोरच्या मुली दमू लागल्या आणि आमच्या खेळतच राहिल्या. शेवटच्या चढाईला बरोबरी होती. सुवर्णा आत गेली, कोपऱ्यातलीला शिवली आणि वळली, तेवढ्यात तिघींनी तिला धरलं. ती तिघींना ओढत सरकली, आडवी झाली, हात लांबवला आणि बोटं मध्यरेषेला टेकली. शिट्टी वाजली. तिचा बाप कठड्यावरून उडी मारून मैदानात धावला, चप्पल कुठं गेली त्याला कळलं नाही.

एका वार्ताहराने मॅडमना यशाचं रहस्य विचारलं. "राजम्यानं कोनी जिकत नाई," त्या म्हणाल्या. "पोरी खेळल्या म्हनून जिकल्या. राजम्यानं त्याहिले उभं ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सुवर्णाच्या तांड्यावर पंगत बसली. आधी मुली बसल्या, त्यांच्या शेजारी त्यांच्या आया, आणि बाप वाढायला. शाळेत परत राजमा सुरू करायचा ठराव मुख्याध्यापकांनी त्याच पंगतीत जाहीर केला, तेही दुसऱ्यांदा वाढून घेताना.

पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. निरोपाला मुली रडू लागल्या तर म्हणाल्या, "रडू नका, अंगातलं पानी कमी होते. चला, मैदानात!" मुली नाक पुसत मैदानात गेल्या. मॅडमनी स्कूटी सुरू केली आणि त्या आर्णीच्या रस्त्याला लागल्या.

मी फाटकात उभा होतो. मागे मैदानात सुवर्णाचा आवाज चढला, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. वळणावर स्कूटी थांबली. मॅडमनी एक पाय जमिनीवर टेकला. मागे वळून पाहिलं नाही. ती चढाई संपेपर्यंत, एका दमात, न तुटता संपेपर्यंत, त्या तशाच ऐकत राहिल्या. मग पाय वर घेतला आणि निघून गेल्या.