बुजवलेल्या भोकाचा पैसा

आमच्या नाणेमंडळात जोगळेकर नावाचे गृहस्थ आहेत. गेल्या वर्षी मी एक पसरट, लांबोडकं नाणं त्यांच्यापुढे ठेवून ‘टांकसाळीची दुर्मीळ चूक’ असं जाहीर केलं, तर भिंगही न लावता ते म्हणाले, “यावरून आगगाडी गेलीय.” सगळे पोट धरून हसले. यंदा तसल्याच एका आगगाडीने मी नाशिकहून जालन्याला निघालो. रविवारच्या बैठकीत त्यांची बोलती बंद करतो, असं त्यांना सांगूनच निघालो.

निमित्त एका फोटोचं. माझ्या शाळेतल्या सहकाऱ्याचे मेहुणे बाबाराव घनसावंगीजवळच्या खेड्यात राहतात. त्यांनी मोबाइलवर आपल्या देवघरातला, इंग्रजांच्या शेवटच्या काळातला भोकाचा पैसा पाठवला होता. धातू वाचावा म्हणून या पैशाला मधोमध भोक असायचं. याला ते नव्हतंच. भोक पाडायचं राहून गेलेलं नाणं म्हणजे लाखात एखादं. मी फोनवर बाबारावांना एकच विनंती केली, “मी येईपर्यंत घासू नका.” जुनं नाणं घासलं की त्याची साक्ष पुसली जाते, हा आमचा पहिला नियम.

जुन्या जालन्यात रिक्षावाल्याने पाचाचं नाणं परत दिलं, ते मी सवयीने भिंगाखाली धरलं. तो म्हणाला, “काका, बिलकुल असली हाय. चालतंय.” मी ओशाळून खिशात टाकलं.

घनसावंगीच्या जीपमध्ये मला सरकी पेंडीच्या पोत्यावर अर्धी जागा मिळाली. बाहेर ऊस मागे पडला की कापूस, कापूस मागे पडला की ऊस. शेजारच्या पागोटेवाल्याने माझा इस्त्रीचा सदरा न्याहाळत विचारलं, “पोरगी बघाला चाल्ले का?”

“नाणं बघायला.” टांकसाळीतच बिघडलेलं नाणं आणि नंतर बाहेर ठोकर खाऊन बिघडलेलं नाणं, यातला फरक मी त्याला जीप थांबेपर्यंत समजावला.

“मंग माणसावानीच की,” तो उतरताना म्हणाला. “जन्माचं येडं कोन्तं अन् मार खाऊन झालेलं कोन्तं, आमालाबी वळखू येत न्हाई.”

बाबारावांच्या ओसरीवर पाणी पितो न पितो तोच वहिनींनी ताट पुढे केलं. त्यात तो पैसा झगमगत होता.

“तुमी एवढ्या दुरून येऊन राह्यले,” त्या म्हणाल्या, “मंग काळंकुट्ट कसं दाखवावं? चिंच लावून घासलं.”

मी बाबारावांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत म्हणाले, “म्या सांगितल्तं तिला.”

भिंग काढायची गरजच पडली नाही. पैसा तांबूस निघाला होता आणि त्याच्या पोटात पांढऱ्या धातूचा एक गोल चकचकत होता. भोक पाडायचं राहिलं असतं तर मधला भागही तांबूसच असता. टांकसाळीने भोक बरोबर पाडलं होतं, कोणीतरी ते नंतर कल्हईच्या कथलाने बुजवलं होतं. इतके दिवस देवघरातल्या तेला-धुराने सगळं एकसारखं काळं दिसत होतं, एवढंच. मला फार वाईट वाटलं. जोगळेकरांचं हसू तिथेच कानात वाजू लागलं. तरी येसराबरोबर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची झणझणीत आमटी) तीन भाकरी गेल्या, हे कबूल करतो.

“आनखी पाहिजेत का?” बाबारावांच्या नव्वदीतल्या आईने विचारलं. सगळे तिला माय म्हणत, मीही म्हणू लागलो. तिने डबी उघडली. आत आणखी अकरा पैसे होते आणि एकालाही भोक नव्हतं.

“माय, हे कोणी बुजवले?”

“म्याच. माझं माहेर देऊळगाव राजा. तिकडं इंग्रजाचा पैसा, इकडं निजामाचा. लग्नात बापानं पदराला हे बारा बांधले. सासू म्हन्ली, तुझ्या बापानं फुटके पैशे देले, यातून लक्ष्मी गळती. वर्षभर उठता-बसता तेच. मंग कल्हईवाला आल्ता, त्याच्याकडं भांड्यासंगं पैशेबी देले. सासूपुढं ठेवून म्हन्लं, दाखवा आता भोक.”

“सासू काय म्हणाली?”

“काय म्हन्ती? भाकर खाय म्हन्ली.”

मी तिला हळूच समजावू लागलो, की ही टांकसाळीची चूक नाही, नंतर कोणीतरी केलेली...

“चूक सरकारचीच,” माय म्हणाली. “पैशाला कुनी भोक पाडतं का? म्या ती नीट करून घेतली.” आणि तिने त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. “ने. पन परत भोक पाडू नको.”

रविवारी जोगळेकरांनी एका नजरेत सांगितलं, “बुजवलेलं आहे.” मी हो म्हणालो आणि मायची सगळी हकिकत सांगितली. या वेळी कोणी हसलं नाही. जोगळेकरांनी पैसा पुन्हा मागून घेतला आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवला.

आमच्या मंडळात दोन पेट्या आहेत, एक टांकसाळीच्या चुकांची आणि एक खराब झालेल्या नाण्यांची. पुढच्या बैठकीला जोगळेकर घरून तिसरी घेऊन आले. तिच्यावर त्यांनी आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘दुरुस्त केलेली’. अजून तरी तीत एकच नाणं आहे.